टायटॅनियमची चष्म्याची फ्रेम, वर्षभराच्या वापरानंतर: धातू एक नंबर, स्क्रूने घात केला

मला निकेलची ॲलर्जी आहे. जीन्सच्या बटणाने बेंबीजवळ चट्टा उठतो, घड्याळाच्या बकलने मनगट खाजतं आणि साध्या मेटल फ्रेमने तर मुंबईच्या घामात नाकाच्या दोन्ही बाजू लाल व्हायच्या. म्हणून मन घट्ट करून साडेसहा हजारांची टायटॅनियम फ्रेम घेतली. एवढ्यात साध्या चार फ्रेम आल्या असत्या.

पहिले काही महिने खरंच सुख. चष्मा घातलाय हेच विसरायला व्हायचं. टायटॅनियमची घनता घनसेंटिमीटरला साधारण ४.५ ग्रॅम, पोलादाची ७.८ च्या आसपास, त्यामुळे वजन जाणवतच नाही. घामाने गंज नाही, हिरवट डाग नाही, कारण हवेत आल्या आल्या याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. त्याच गुणामुळे हाडात बसवायचे स्क्रू आणि दातांचे इम्प्लांट याचे करतात, स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला असे दात बसवले होते. शरीराच्या आत जे चालतं ते नाकावर चालणारच ना, असा माझा हिशोब.

तरीही नाकावर एका जागी खाज सुरू झाली. दुकानदार म्हणाला घामोळं असेल. लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, म्हणाला बघा प्युअर टायटॅनियम. हे लक्षात ठेवा, ही परीक्षा अर्धवट आहे, निकेल असलेले कितीतरी मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाहीत. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी कापसावर औषध घेऊन फ्रेम पुसली (डायमिथाइलग्लायॉक्झिम, निकेल सुटत असेल तर गुलाबी रंग येतो). फ्रेमवर काहीच नाही, पण नोज पॅड धरणारी बारीक तार आणि स्क्रू यांच्यावर कापूस गुलाबी! म्हणजे साडेसहा हजार घेऊन जो भाग कातडीला सतत टेकतो तोच स्वस्तातला लावलेला. मला याचा अजून राग येतो.

मग बिजागरीतला स्क्रूही अडकला. टायटॅनियम दुसऱ्या धातूवर घासला की चिकटून बसतो, आटे सोलवटतात, हा त्याचा माहितीतला दोष आहे. दुकानातल्या पोऱ्याने जोर लावून फिरवला आणि बिजागरीच तुटून हातात आली. झाळून देतो म्हणाला, पण डाग धरेचना. तेव्हा मी चिडून म्हटलं होतं की एवढा महाग धातू आणि साधा जोड लागत नाही, काय उपयोग.

नंतर वाचलं तेव्हा धातूवरचा राग गेला. त्याच ऑक्साइडच्या थरावर साधी झाळ धरत नाही आणि थेट वेल्डिंग करावं तर तापल्यावर टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो, म्हणून आरगॉन वायूच्या आडोशाला लेझरने जोडावं लागतं. महाग असण्याचं कारणही तेच. पृथ्वीच्या कवचात हे मूलद्रव्य भरपूर, नववा नंबर, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतसुद्धा इल्मेनाइट हे त्याचं खनिज आहे. १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या ग्रेगर या पाद्र्याला ते अशाच काळ्या वाळूत सापडलं. पण ऑक्सिजनपासून सोडवणं महाकठीण, शुद्ध धातू हंटर या शास्त्रज्ञांनी १९१० ला काढला, आणि क्रोल या धातुतज्ज्ञांची पद्धत आली तेव्हा कुठे कारखान्यात निघायला लागला. त्यात खनिजातल्या टायटॅनियमचं क्लोराइड करून ते मॅग्नेशियमबरोबर तापवतात, तेही आरगॉनमध्येच. खनिजाचा बहुतांश भाग तर पांढऱ्या रंगासाठीच जातो, आपल्या भिंतींच्या पेंटमध्ये.

तर पैसे धातूचे द्यायला माझी हरकत नाही, पुढची फ्रेमही टायटॅनियमचीच घेणार. पण बिलावर नुसतं 'टायटॅनियम' लिहिलेलं चालवून घेऊ नका, बिजागरी, नोज पॅडची तार आणि स्क्रू कशाचे आहेत ते वेगळं लिहून मागा, आणि तुटली तर लेझर वेल्डिंग कुठे करून देणार तेही आधीच विचारा. आणि ठाणे-डोंबिवली बाजूला चष्म्याचं लेझर वेल्डिंग करणारं कोणी माहीत असेल तर प्लीज कळवा, फ्रेम टाकून द्यायला जीव होत नाहीये.