मालदीवचा प्रवाळ कोर्स: पोहणं विहिरीचं, काम समुद्राचं

प्राणिशास्त्राच्या मुलांना मालदीवला नेणाऱ्या नऊ दिवसांच्या फील्ड कोर्सची चौकशी आता आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजांतही होते. दक्षिण आरी अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस, रोज दोनदा पाण्यात उतरणं, रात्री लेक्चर, अशी मांडणी. शिकवणं भक्कम आहे. पाण्याची तयारी मात्र आयोजकांनी गृहीत धरली आहे, आणि विदर्भातल्या विद्यार्थ्याचं गाडं नेमकं तिथेच अडतं.

फॉर्मवर ‘पोहता येतं का’ या रकान्यात आपली पोट्टी बिनधास्त ‘हो’ लिहितात. ते खोटंही नसतं. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे मान वर, पाय खाली आणि चार हातांत काठ. इथे तोंड पाण्यात घालून, नळीतून श्वास घेत पाऊण तास आडवं तरंगायचं असतं. नळीत खारं पाणी शिरलं की नवखा मान वर काढतो, अंग उभं होतं आणि फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) थेट प्रवाळावर आपटतात. पोरायटिसचा गोल दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे एका लाथेचा हिशेब कुठवर जातो ते बघा. नळीत पाणी आलं तर मान न उचलता जोरात ‘फू’ करून ते बाहेर फेकायचं. ही एकच गोष्ट अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात. कोर्समध्ये त्यासाठी लगूनमधला, म्हणजे बेटालगतच्या उथळ शांत पाण्यातला, अर्धा दिवस ठेवलाय, तोही बारा मुलांमागे एक प्रशिक्षक. हे कमी आहे.

म्हणून तयारी घरूनच करून जा. न थांबता 200 मीटर पोहणं आणि कशालाही न धरता 10 मिनिटं तरंगणं हे किमान जमलं पाहिजे. स्कुबाच्या (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारायच्या) पहिल्या प्रमाणपत्रालाही साधारण एवढंच मागतात. सराव जिल्ह्याच्या जलतरण तलावात करा. मालगुजारी तलावात फिन्स घालून उतरू नका, शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकतात. फिन्स मारताना गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय हलवले तर माणूस पुढे जात नाही आणि दुसऱ्या दिवशी पोटरीत गोळे येतात. पाय कमरेतून, लांब आणि सावकाश हलवायचा.

मास्क भाड्याने मिळतो, पण स्वतःचा न्या. भाड्याच्या मास्कची सिलिकॉनची कड कडक झालेली असते, मग पाणी झिरपतं. विकत घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. मिशी असेल तर नाकाखालचे केस तेवढे बारीक करा, गळती तिथूनच सुरू होते. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. पांढरी टूथपेस्ट बोटाने दोन-तीनदा चोळून धुतली की काच धुरकटत नाही. चष्मेवाल्यांनी नंबरच्या काचेचा मास्क आधीच बनवून घ्यावा. तिथे जाऊन ‘मासा दिसत नाही’ म्हणणारे दरवेळी निघतात.

आता कोर्सची सगळ्यात जमेची बाजू: ट्रान्सेक्ट, म्हणजे टेप टाकून त्याच्या रेषेवर केलेली मोजणी. रीफ चेक या प्रवाळ-पाहणीच्या ठरलेल्या पद्धतीने 100 मीटरचा टेप एकाच खोलीवर टाकतात. त्यात 20 मीटरचे चार तुकडे आणि मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. प्रत्येक अर्ध्या मीटरवर टेपच्या नेमकं खाली काय आहे ते लिहायचं: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकताच मेलेला प्रवाळ, खडक, सुटे तुकडे, वाळू. 20 मीटरच्या तुकड्याला 40, एकूण 160 बिंदू. टेप टाकल्यावर पंधरा मिनिटं थांबून आधी मासे मोजतात, कारण माणसांच्या हालचालीने ते पांगलेले असतात. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरचा पट्टा धरतात.

चुका ठरलेल्या. टेप सैल राहिला तर लाटेने डोलतो आणि तोच बिंदू दोनदा वेगळा दिसतो. त्यामुळे दर काही मीटरला तो मेलेल्या दगडाभोवती अडकवायचा, जिवंत प्रवाळाला नाही. तिरपं पाहिलं की उंच प्रवाळ टेपखाली आल्यासारखा वाटतो आणि जिवंत प्रवाळाची टक्केवारी फुगते. सगळ्यात मोठी गफलत पांढऱ्या प्रवाळाची. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी काही आठवडे तापलेलं राहिलं तरी प्रवाळाच्या आत राहून त्याला रंग देणारं शैवाल निघून जातं, सांगाडा पारदर्शक मांसातून दिसू लागतो, पण जीव शिल्लक असतो. म्हणून त्याची नोंद कठीण प्रवाळात होते आणि पांढरेपणा वेगळा लिहितात. मेलेल्यावर काही दिवसांतच हिरवट-तपकिरी बुरशीसारखा शैवालाचा थर चढतो. मालदीवमध्ये 1998, 2016 आणि 2024 साली असा पांढरेपणा पसरला, तेव्हा हा फरक ओळखणं तिथे रोजचं काम आहे. प्रशिक्षक तो हाताला धरून शिकवतात, त्याला पूर्ण गुण.

लिहायला चक्क पाटी असते, प्लास्टिकची, आणि साधी पेन्सिल दोरीने बांधलेली. पेन्सिलीचे दोन तुकडे न्या, टोक पाण्यातच मोडतं.

क्वाड्रॅट (तळावर ठेवून आतलं मोजायची चौकट) मात्र तिथे मोजकेच. संत्र्याच्या बागेतला उरलेला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप दोन मीटर घ्या, 50 सेंटिमीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो. चिकटवू नका, सुटा असला की बॅगेत मावतो. दर 10 सेंटिमीटरवर नायलॉन दोरी ओवली की 25 चौकोन होतात. पाइपला चार-पाच ठिकाणी भोकं पाडायला विसरू नका, नाहीतर आत हवा राहते आणि चौकट वर तरंगत येते.

भूगर्भाचं लेक्चर मालदीवच्या नकाशावर उरकतात, तिथे आपल्या मुलांनी हात वर करावा. वऱ्हाडातली काळी जमीन ज्या बेसॉल्टची झाली, तो ज्या रियुनियन तप्तबिंदूतून (खोलातून लाव्हा वर येण्याच्या जागेतून) ओतला गेला, त्यातूनच मालदीवखालचा ज्वालामुखी कणाही तयार झाला. त्यावर चुनखडकाचा जाड थर साचला आणि वरच्या टोकावर आजचा प्रवाळ. ‘अटॉल’ हा शब्द जगाला मालदीवच्या दिवेही भाषेनेच दिला. ती भाषा आपल्याच कुळातली, अंक म्हणताना एकेह, देह, तिनेह ऐकून मजा वाटते.

व्हेल शार्कचा दिवस बोटींच्या गर्दीचा. अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर अंतर ठेवायचं असतं, पण भोवती पन्नास पर्यटक असले की अंतर मोजणार कोण? त्यापेक्षा डाव्या कल्ल्यामागच्या ठिपक्यांचा फोटो घेतला तर प्राण्याची ओळख पटते. तो दिवस समुद्री गवताच्या पट्ट्याला दिला असता तर जास्त शिकायला मिळालं असतं.

तारखा हा खरा घोळ. परीक्षा संपल्यावर म्हणून मे-जूनची बॅच काढतात, तेव्हा नैऋत्य मोसमी वारा सुरू झालेला असतो. पाणी गढूळ, बोट हलते, अर्धी बॅच उलट्या करते. जानेवारी ते एप्रिलमधली बॅच मागा. गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, उलटी आल्यावर नव्हे.

किरकोळ पण अडवणारं: प्रवासाआधी 96 तासांच्या आत इमुगा हा मालदीवचा ऑनलाइन प्रवेश फॉर्म भरायचा, तो फुकट आहे. घरच्यांनी बॅगेत ठेवलेली देवाची मूर्ती कस्टमवाले अडवू शकतात, शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडा परत आणता येत नाही. लहान गेस्टहाउसमध्ये रात्रीला 6 डॉलर ग्रीन टॅक्स, तो फीमध्ये धरलाय का ते लेखी विचारा. शाकाहाऱ्यांना डाळ-रोशी (रोशी म्हणजे तिथली पोळी) मिळते, नाश्त्याचं मासहुनी मात्र ट्यूनाचं. जवसाची चटणी सोबत असू द्या. सुती टी-शर्ट घालून उतरू नका, पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा शर्ट आणि लेगिंग घाला. गावच्या किनाऱ्यावर अंगभर कपडे लागतातच, पाठही भाजत नाही.

शेवटच्या संध्याकाळी ज्यादा पैसे घेऊन स्कुबा देतात आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी किमान 18 तास जावे लागतात, एकच झाली असेल तर 12. रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाला बुडबुडे होऊन सांध्यात शिरू शकतो. ती डाइव्ह दोन दिवस आधी मागा, आणि मिळत नसेल तर तेवढे पैसे वाचवा.