बाहेर पडावं की आत राहून झगडावं?

पक्षात घुसमटणारी एक कार्यकर्ती परवा विचारत होती, राहू की सोडू? मला ब्रिटनच्या मजूर पक्षातले दोन मवाळ नेते आठवले. १९८१ मध्ये पक्ष फार डावीकडे झुकला, तेव्हा रॉय जेन्किन्स बाहेर पडले, डेनिस हीली थांबले.

वेग बघितला तर जेन्किन्स पुढे. जानेवारीत लंडनच्या लाइमहाउस भागातल्या, सोबती डेव्हिड ओवेन यांच्या घरून जेन्किन्ससह चौघांनी जाहीरनामा काढला आणि मार्चमध्ये नवा पक्ष उभा राहिला. हीलींनी राखलं ते फक्त उपनेतेपद, तेही डाव्या गटाचे नेते टोनी बेन यांच्यावर एक टक्क्याहून कमी आघाडीनं. तरी त्या काठावरच्या विजयानंच पक्ष हातचा गेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

किंमत मात्र फुटणाऱ्यांनी जबर मोजली. १९८३ मध्ये लिबरल पक्षासोबतच्या त्यांच्या आघाडीला २५ टक्के मतं, पण जागा २३. मजूर पक्षाला जेमतेम २८ टक्के, जागा २०९! मतं देशभर विखुरली की अशी पाण्यात जातात.

टिकाऊपणा? १९८८ मध्ये नवा पक्ष आणि लिबरल पक्ष एकत्र विलीन झाले.

तुझा मतदार एकाच पट्ट्यात घट्ट असेल, तर खुशाल बाहेर पड. संघटनेत चार माणसं अजून आपली असतील, तर हीलींची वाट धर.