रात्रीच्या लाईटीसाठी घेतलेला कार्डवाला स्पीकर, तीन महिने वापरून

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री, त्यामुळं गव्हाला दारं धरायला रात्री दोनला पण मी बांधावर असतो, मोबाईलची बॅटरी टॉर्चमधीच संपती म्हणून परभणीतून ८५० ला हा छोटा स्पीकर आणला. खिशात बसतो, मेमरी कार्ड लागतं, एफएम आहे.

गाणी भरलीच नाहीत मी. अमेरिकेतल्या एनबीसी रेडिओची जुनी सायन्स फिक्शन नाटकं भरली, डायमेन्शन एक्स (१९५०-५१) आणि एक्स मायनस वन (१९५५-५८), इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या साइटवर फुकट मिळतात, बहुतेक नाटकं अर्ध्या तासाची आणि ८ जीबीच्या कार्डात सगळी बसून जागा उरते. रेकॉर्डिंग मोनोच, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा नसलेलं, असल्यामुळं एकाच स्पीकरनं काही बिघडत नाही. इंग्रजी पहिल्यांदा निम्मंच कळतं, दुसऱ्यांदा ऐकलं की लागतं.

त्यातलं 'अ लॉजिक नेम्ड जो' जरूर ऐका. मरे लाइन्स्टरची मूळ गोष्ट १९४६ ची, म्हणजे घरात कॉम्प्युटर हे फारसं कुणाच्या डोक्यात पण नव्हतं तेव्हाची, आणि त्यात घरोघरी 'लॉजिक' नावाची मशीन आहे, स्क्रीनची, एकमेकाला जोडलेली, विचारलं ते सांगणारी. त्यातल्या जो नावाच्या एका मशीनमधी बनवतानाच बारीक फरक राहतो आणि मग कुणी काही पण विचारलं तरी उत्तर तयार, बायकोला मारून पचवायचं कसं हे सुद्धा. जो दुष्ट नाही हो, त्याला फक्त मदत करायचीय, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. भोवती अंधार, मोटरीची घरघर, आणि तो शांत आवाजात सांगणारा. व्हिडिओत एवढं अंगावर आलं नसतं.

त्याच आठवड्यात भाच्यानं गव्हातल्या तणनाशकाचं प्रमाण फोनमधल्या एआयला विचारलं, त्यानं एकदम खात्रीनं आकडा सांगितला आणि बाटलीवर निराळंच लिहिलेलं, पंपात औषध पडायच्या आधी मी लेबल वाचलं म्हणून बरं झालं. पोराचं म्हणणं, मामा ते कसं चुकंल. त्याला आता हे नाटक ऐकवलंय, दोनदा.

स्पीकरचं म्हणाल तर बॅटरी दोन रात्री पुरते, दवात भिजूनही चालू आहे. बास, म्हणजे जाड आवाज, लय जास्त, फुल आवाज केला की बोलणं घुमतं, निम्म्यावर ठेवावा लागतो. बंद करून चालू केला की पुन्हा पहिल्या फाइलीपासून सुरू होतो, अर्धं ऐकलेलं नाटक हुडकत बसायचं, हा खरा ताप आहे. चार्जिंगची पिन महिन्यातच ढिली झाली, दुकानदारानं बदलून दिला नाही. नाटकं, कीर्तन, बातम्या ऐकायला घेणार असाल तर दुकानात गाणं लावून बघू नका, एफएमवर बोलणं लावा आणि दहा पावलं लांब जाऊन ऐका.