लायब्ररीच्या कार्डावर स्पॅनिश : मँगो लँग्वेजेसचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. मँगो लँग्वेजेस हे भाषा शिकवणारं सॉफ्टवेअर मी गेल्या उन्हाळ्यापासून वापरतेय, स्पॅनिशसाठी. एक डॉलरही वेगळा न मोजता, गावच्या सार्वजनिक लायब्ररीच्या कार्डावर. तोंड उघडून बोलायला लागायचं असेल तर झकास आहे. लिहिणं आणि व्याकरण पक्कं करायचं असेल तर नुसतं हे पुरणार नाही. आणि आपल्या कार्डावर असलं काही मिळतं, हे इथे न्यू जर्सीत माझ्या ओळखीच्या मराठी घरांपैकी जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितेय.

मला स्पॅनिश कशाला हवं? मी न्यू ब्रन्सविकजवळच्या एका फार्मसीत काउंटरवर असते. या गावात मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली वस्ती मोठी आहे. औषध कसं, किती वेळा घ्यायचं हे सांगायला आमच्याकडे फोनवरचा दुभाषी असतो आणि ते काम त्याच्याकडेच राहायला हवं. अर्ध्यामुर्ध्या भाषेत गोळ्यांचे डोस सांगण्याचा उद्योग कुणी करू नये. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं असतंच की. नाव काय, जन्मतारीख काय, अजून तयार नाही, बसा दहा मिनिटं, आजी कशा आहेत आता. एवढ्यासाठी प्रत्येक वेळी फोन फिरवला तर मागची रांग दारापर्यंत जाते.

मँगो ही मिशिगनची कंपनी, २००७ पासूनची. तिचं गिऱ्हाईक पहिल्यापासून मुख्यतः लायब्ऱ्या. भाषा सत्तरच्या वर आहेत. स्पॅनिशचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, एक लॅटिन अमेरिकेचा, एक स्पेनचा. अमेरिकेत राहणाऱ्याने डोळे मिटून पहिला घ्यावा. (समुद्री चाच्यांच्या इंग्रजीचाही एक अभ्यासक्रम आहे. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी तोच उघडला आणि आठवडाभर घरात चाचेगिरी चालली.)

धडा असा चालतो. आधी दोन माणसांचं छोटं संभाषण ऐकवतात. मग त्यातलं एकेक वाक्य सुटं करून दाखवतात. वरच्या स्पॅनिश वाक्यातला शब्द आणि खालच्या इंग्रजी वाक्यातला त्याच अर्थाचा शब्द एकाच रंगात असतो, त्यामुळे कुठला तुकडा कुठे गेला ते न सांगता दिसतं. एक बटण दाबलं की सरळ अर्थाऐवजी शब्दशः अर्थ येतो. मग प्रश्न पडतो, ‘आता हे कसं म्हणाल?’, आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं फिरायला लागतं. उत्तर दिसायच्या आत आपण मोठ्याने बोलायचं. पर्यायांतून निवडायचं नाही, चित्रावर बोट ठेवायचं नाही. डुओलिंगो हे भाषा शिकवणारं अ‍ॅप मी आधी वापरलंय. तिथे खेळात गुंतून जायला होतं. तिथे तेव्हा चुकलं की वाट्याला आलेली ‘हृदयं’ संपायची आणि धडा थांबायचा. इथे तसं काही नाही, जाहिराती नाहीत, आणि खरं सांगायचं तर मजाही थोडी कमी आहे. पण मागचे शब्द घेऊन नवीन वाक्य जुळवायला लावतात, आणि काउंटरवर नेमकं तेच लागतं.

आवाज पडताळायची सोय मला सगळ्यात आवडली. मूळ बोलणाऱ्याच्या आवाजाची लहर पडद्यावर दिसते, तिच्याखाली तुमची. दोन्ही एकदम वाजवून बघता येतात. मशीन गुण देत नाही, तुमचे कानच ठरवतात. मी जोर चुकीच्या अक्षरावर देत होते ते मला ऐकून नाही, लहर बघून कळलं.

आता आपल्या, म्हणजे मराठी माणसाच्या, दृष्टीने. हे सॉफ्टवेअर इंग्रजी घरात बोलणाऱ्यांना समोर ठेवून बांधलंय, आणि ते जागोजागी जाणवतं. आवडण्याचं वाक्य घ्या. ‘मे गुस्ता एल काफे’. इंग्रजीवाल्यांना यात कॉफी कर्ता कशी झाली हे समजवायला अख्खी टीप खर्ची घातली आहे. आपण लहानपणापासून ‘मला कॉफी आवडते’च म्हणतो, तोच सांगाडा. ‘मे फाल्तान दोस पास्तीयास’, मला दोन गोळ्या कमी पडताहेत, हे फार्मसीत रोज ऐकू येणारं वाक्यही त्याच वळणाचं. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांचा फरकही तसाच. गिऱ्हाइकाशी उस्तेद, लेकराशी तू, यात आपल्याला शिकण्यासारखं काय आहे? नामांना लिंग असतं म्हणून अमेरिकन लोक हैराण होतात. तीन लिंगांत वाढलेल्या माणसाला दोन म्हणजे सवलतच. या टिपा सरळ ओलांडून पुढे जा, निम्मा वेळ वाचेल. तो वेळ भूतकाळाच्या दोन रूपांवर घालवा, तिथे आपलीही गाडी अडते.

उच्चारांत मात्र एक गोम आहे. शब्दावर बोट ठेवलं की त्याचा उच्चार इंग्रजी अक्षरांत फोडून दाखवतात, अमेरिकन कानाला समजेल असा. ते वाचलं की आपल्या तोंडून ट आणि ड येतात, कारण इंग्रजी टी-डी आपण तसेच वाचतो. स्पॅनिशमध्ये आहेत आपले त आणि द. प, त, क हेही आपल्यासारखे, हवा न सोडता म्हटलेले. हे जमायला अमेरिकन माणसाला घाम फुटतो. मी ती खिडकी उघडणंच सोडलं. वही घेतली आणि ऐकून देवनागरीत लिहायला लागले. ‘तोमे ला मेदिसीना’, ‘मान्याना’, ‘आस्ता लुएगो’. आमच्या फार्मसीत तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या एका मुलीचं घर प्वेर्तो रिकोचं आहे. तिने एकदा वहीतून मला वाचायला लावलं आणि म्हणाली, उच्चार बरे आहेत, वेग मात्र बातम्या देणाऱ्या बाईसारखा संथ आहे.

वेगाबद्दल ती बरोबर बोलली. धड्यातली माणसं स्वच्छ, सावकाश बोलतात. शेजारच्या पर्थ अँबॉयमध्ये डोमिनिकन आणि प्वेर्तो रिकन लोक खूप, आणि कॅरिबियन बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकतात. शंभर वेळा घोकलेलं वाक्य समोरून आलं तरी ओळखू येत नाही. तो कान कुठलंही अ‍ॅप तयार करून देणार नाही. माझा तयार झाला, तो लायब्ररीतल्या संभाषण गटात.

लायब्ररीने हे सॉफ्टवेअर घेतलंय, पण ते ठेवलंय कुठे? संकेतस्थळावर ‘संशोधन’, त्याखाली ‘डेटाबेस’, त्याखाली ए ते झेड यादी, त्यात वंशावळीच्या नोंदी आणि उपभोक्त्यांच्या मासिकाच्या मधे कुठेतरी. भाषा शिकायची इच्छा असलेला माणूस ‘डेटाबेस’ या शब्दावर कशाला टिचकी मारेल? मला ते सापडलं कपाटात. पुस्तकं दशांश वर्गीकरणाने लावलेली असतात, ४६० म्हणजे स्पॅनिश. त्या फळीवर पुस्तकांच्या मधे पुस्तकाएवढा पुठ्ठ्याचा खोका उभा होता, कण्यावर लिहिलेलं, ‘हे पुस्तक तुमच्या फोनमध्ये आहे’, आणि बाजूला स्कॅन करायचा चौकोन. ज्याने कुणी तो खोका तिथे ठेवला त्याला भाषा शिकणारा माणूस कुठे उभा राहतो ते माहीत होतं. तोच चौकोन स्वच्छतागृहाच्या दारावरही चिकटवलाय. तिथे कुणी फोन काढून भाषा शिकायला घेतली असेल असं मला वाटत नाही.

इथल्या लायब्ऱ्या प्रचाराचे मोसमही पाळतात. एप्रिलमधला राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह १९५८ पासूनचा, सप्टेंबर हा कार्ड काढण्याचा महिना १९८७ पासूनचा. त्या काळात पुस्तकखुणा वाटतात, फलक लावतात, ईमेल येतात. पुस्तकखुणा चांगल्या असतात. माझ्याकडे बऱ्याच जमल्यात.

खरा परिणाम मी एकदाच पाहिला. आमच्या मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लायब्ररीचाच हॉल घेतला होता. मी संदर्भ विभागातल्या बाईंना विचारलं, या का थोडा वेळ? त्या लॅपटॉप घेऊन आल्या, तिळगूळ खाल्ला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं त्यांची तिथल्या तिथे काढून दिली. पण मुख्य काम पुढचं होतं. अ‍ॅप उतरवायचं, त्यात आपली लायब्ररी शोधायची, कार्डामागचा चौदा आकडी क्रमांक टाकायचा, पिन टाकायचा. पिन कुणालाच आठवत नव्हता. या चार पायऱ्यांवर माणसं गळतात, आणि फलक कितीही रंगीत असला तरी पिन बदलून देत नाही. बाई देत होत्या. प्रत्येकीला फोनवर पहिला धडा सुरू करूनच त्या उठू देत होत्या.

त्या दिवशीचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे आमचे एक काका. सून तमिळ, व्याही कोइम्बतूरचे, फोनवर नमस्काराच्या पुढे गाडी जात नाही. मँगोत तमिळ आहे म्हटल्यावर काकांनी वाणाकडे पाठच फिरवली. अमेरिकेच्या करातून, इंग्रजीच्या आधाराने, सांगलीचा माणूस तमिळ शिकतोय! आता ते मला कुठेही भेटले की तमिळ ऐकवतात. काकू म्हणतात, निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच ते सकाळी बातम्यांऐवजी दुसरं काहीतरी लावतात.

‘फुकट’ म्हणजे काय तेही सांगते, कारण काकांनी तेच विचारलं होतं. न्यू जर्सीत नगरपालिकेच्या लायब्ररीसाठी किमान तरतूद कायद्यानेच ठरलेली आहे, मालमत्तेच्या समायोजित मूल्याच्या दर डॉलरमागे एक तृतीयांश मिल (मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग). सहा लाखांचं घर धरलं तर वर्षाला २०० डॉलर. भाड्याने राहणारे तेच भाड्यातून देतात. म्हणजे पैसे आपण भरलेलेच आहेत. सॉफ्टवेअरची वर्गणी लायब्ररी भरते, आणि ती पुढे चालू ठेवायची का हे ठरवताना किती लोकांनी ते वापरलं याचे आकडे पाहतात, असं त्या बाईंनीच सांगितलं. कोपऱ्यात दडवून ठेवलेली वस्तू वापरली जात नाही, आणि वापरली जात नाही म्हणून ती बंद होते. वरून पैशांची टांगती तलवार आहेच. मार्च २०२५ मध्ये ग्रंथालयांना पैसे देणाऱ्या केंद्रीय संस्थेला कात्री लावायचा आदेश निघाला, तेव्हा मिसिसिपीत ई-पुस्तकांची एक सेवा थांबली आणि साउथ डकोटात ग्रंथालयांमधली पुस्तकांची देवघेव. असल्या वेळी कमी वापराची सदस्यत्वं टिकवणं कुणालाही अवघडच जातं.

संभाषण गटाबद्दल राहिलंच. शनिवारी सकाळी, मुलांच्या विभागामागच्या खोलीत. अर्धे इंग्रजी शिकायला आलेले, अर्धे स्पॅनिश. अर्धा तास ही भाषा, अर्धा तास ती. कुणी शिकवत नाही, एक स्वयंसेवक बाई फक्त घड्याळ सांभाळतात. मी आठवड्यात मँगोवर जे घोकते ते तिथे वापरून बघते. तिथल्या एका आजोबांनी मला भाव कमी करायला कसं सांगायचं ते शिकवलं, फार्मसीत त्याचा काडीचाही उपयोग नाही. पण गटात जायचं आहे म्हणून धडे होतात, आणि धडे झालेत म्हणून गटात तोंड उघडतं. या दोन गोष्टी लायब्ररीच्या एकाच इमारतीत आहेत आणि एकीच्या माहितीपत्रकावर दुसरीचं नाव नाही, हे मला अजून कळत नाही.

तुमच्या लायब्ररीत मँगो नसेल तर ट्रान्सपरंट लँग्वेज, प्रोनन्सिएटर किंवा रोझेटा स्टोन असू शकेल. रोझेटा स्टोन भाषांतर न करता फक्त चित्रांवरून शिकवतं. माझ्या बहिणीला ते मानवलं, मला चित्रातल्या मुलीच्या हातात सफरचंद आहे की ती ते खातेय यातच अडकायला झालं. तुमच्याकडे यातलं जे मिळेल त्यात एकदोन धडे करून बघा, कार्ड तेच चालतं.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांना कार्ड मिळतं का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. लायब्ररीगणिक नियम वेगळा. आमच्याकडे पासपोर्ट आणि लेकीच्या घरी त्यांच्या नावाने आलेलं एक पत्र एवढ्यावर काम झालं. पलीकडच्या गावात नाही म्हणाले. फोन करून विचारा आणि पत्र आधीच येईल असं बघा, बँकेचं चालतं. कार्डाला मुदतही असते. ती संपली की अ‍ॅप एक दिवस अचानक आत घेत नाही आणि कारणही सांगत नाही. माझं असं झालं तेव्हा मी दोन संध्याकाळी पासवर्ड बदलत बसले होते. काउंटरवर जाऊन नूतनीकरण केल्यावर मिनिटात सुरू झालं, धडे जिथे सोडले होते तिथूनच.