गुडघ्याची झीज ‘भरून काढणारं’ ॲक्युपंक्चर: आमची फसवणूक कशी झाली

आईच्या गुडघ्यांवर उपचार करतो म्हणून एका ॲक्युपंक्चर सेंटरने आमच्याकडून भरपूर पैसे घेतले आणि तिच्या तब्येतीशी खेळ केला. ॲक्युपंक्चरविषयी, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचाराविषयी, माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. त्या नावाखाली तिथे जे चाललं होतं, त्याविषयी आहे. दुखण्याने बेजार झालेली माणसं अशा ठिकाणी रोज पैसे भरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आईला दोन्ही गुडघ्यांचा वयोमानाने होणारा संधिवात आहे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सरळ सांगितलं होतं: मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करा, वजन आटोक्यात ठेवा, गरज पडली तर वेदनाशामक घ्या, आणि पुढे त्रास फारच वाढला तर ऑपरेशनचं बघू. ऑपरेशन म्हटल्यावर आई धास्तावली. सेंटरवाल्यांनी नेमकं तेच हेरलं. “झीज भरून येईल, ऑपरेशनची वेळच येणार नाही,” असं तिथल्या मुख्य गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं. हे धादांत खोटं आहे. झिजलेली कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण) सुया टोचून पुन्हा तयार होत नाही. ॲक्युपंक्चरने काय होऊ शकतं, तर काही लोकांचं दुखणं काही काळ कमी होतं. त्यापलीकडे कोणी शब्द दिला, तर तिथूनच परत फिरा.

पहिल्या दिवशी सुई लावलीच नाही, आधी यंत्र आणलं. आईच्या एका हातात धातूची दांडी दिली आणि टोकाला ओला कापूस लावलेली दुसरी दांडी मनगटावर, मग पावलावर एकेका ठिकाणी टेकवत नेली. पडद्यावर लाल-हिरवे पट्टे उमटले. लाल पट्टे दाखवून “यकृताची ऊर्जा अडली आहे, मूत्रपिंड कमजोर आहे” असं निदान झालं. मी शेजारीच उभी होते. मदतनीस मुलीने एका जागी दांडी पुन्हा टेकवली, या वेळी जरा दाबून, तर तोच पट्टा झटकन वर गेला. अशी यंत्रं त्वचेतून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतात. घाम, कापसाचा ओलावा, हाताचा दाब, कशानेही आकडा बदलतो. यकृत-मूत्रपिंडाचं त्यातून काही कळत नाही. मी विचारलं, तर “यंत्र संवेदनशील आहे” एवढंच उत्तर मिळालं. लगेच पॅकेजचा तक्ता पुढे आला आणि पूर्ण रक्कम आजच भरली तरच सवलत, असा आग्रह सुरू झाला.

रीतसर उपचार करणारा माणूस पहिल्या भेटीत भरपूर प्रश्न विचारतो. दुखणं कधीपासून आहे, इतर आजार कोणते, रोजच्या गोळ्या कोणत्या, पेसमेकर बसवला आहे का, बाई गरोदर आहे का. सुयांना वीजप्रवाह जोडायचा असेल तर पेसमेकरची माहिती फार महत्त्वाची. आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. तिथे ते कोणी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तर ऐकून सोडून दिलं. नंतर तिच्या पोटरीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उठला, तेव्हा म्हणाले, “शरीरातलं विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.” साधं रक्त साकळलं होतं. ॲक्युपंक्चरनंतर किंचित रक्त येणं किंवा छोटा डाग पडणं ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. जर्मनीत सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवून केलेल्या पाहणीत सुमारे 6 टक्के लोकांना तसं झालं होतं. फुफ्फुसाला सुई लागण्यासारखा गंभीर प्रकार त्यात फक्त दोघांच्या बाबतीत घडला. म्हणजे जाणत्या हातात हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पण डाग हा डागच असतो, त्याला विष म्हणणारा माणूस तुमच्याशी खोटं बोलतो आहे.

आता सुयांबद्दल. ॲक्युपंक्चरची सुई भरीव आणि अतिशय बारीक असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग त्या जागी जडपणा, बधिरपणा किंवा ठसठस जाणवते. सुया वीस-तीस मिनिटं तशाच ठेवतात. त्या निर्जंतुक, बंद पाकिटातल्या आणि एकदाच वापरायच्या असतात. आईसाठी मात्र तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली प्लॅस्टिकची नळी ठेवली होती. त्याच सुया दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा टोचायचे. “तुमच्याच आहेत, दुसऱ्या कोणाला लावत नाही,” हे मोठ्या कौतुकाने सांगायचे. एका सुईचं टोक वाकलेलं मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं. पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही, आणि एका ट्रेमध्ये चार जणांच्या नळ्या असताना अदलाबदल होणार नाही याची हमी कोण देणार? सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढली जाते का आणि नंतर धारदार कचऱ्याच्या बंद डब्यात जाते का, हे बघाच. विचारायला संकोच करू नका.

सुरुवातीच्या काही सिटिंगनंतर आईला बरं वाटलं, हेही खरं. ती जिना जरा सहज चढू लागली. गुडघ्याच्या संधिवातावर जर्मनीतच सुमारे हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती, 2006 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. पारंपरिक बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी सुमारे 53 टक्के लोकांना चांगला फरक पडला, भलत्याच ठिकाणी वरवर सुया लावलेल्यांपैकी 51 टक्के लोकांना, आणि फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 29 टक्के लोकांना. म्हणजे निवांत पडून राहणं, कोणीतरी आस्थेने लक्ष देणं, बरं वाटेल ही आशा, यांचा वाटा मोठा आहे, आणि नेमक्या बिंदूचा फारच थोडा. कोणते उपचार द्यावेत याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा संधिवातासाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं म्हटलं आहे. मायग्रेन टाळण्यासाठी मात्र तिच्याच 2012 च्या सूचनांत पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा सिटिंगची शिफारस होती.

त्या ‘जास्तीत जास्त’कडे माझं लक्ष फार उशिरा गेलं, आणि सेंटरची सगळी चलाखी तिथेच आहे असं माझं ठाम मत झालं. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना 2020 पासून जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देते. नव्वद दिवसांत बारा सिटिंग, फरक दिसला तर आणखी आठ, नाही दिसला तर उपचार बंद. आमच्या सेंटरमध्ये ‘बंद’ची वेळ कधी येणारच नव्हती. दुखणं कमी झालं की “उपचार लागू पडतोय, आता थांबू नका.” वाढलं की “बरं होण्याआधी त्रास उफाळून येतोच.” जैसे थे राहिलं की “शरीर आत्ता कुठे तयार होतंय.” हा उपचार उपयोगी नाही हे आम्हाला कशावरून कळेल, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पुढच्या पॅकेजचा तक्ता हातात दिला गेला.

सर्वांत संतापजनक प्रकार बीपीच्या गोळ्यांचा. “या गोळ्यांनी ऊर्जेचा मार्ग अडतो, हळूहळू सोडा,” असं त्यांनी आईला एकटीला गाठून सांगितलं. तिने खरंच सोडल्या. नेहमीच्या तपासणीत आमच्या डॉक्टरांना बीपी बरंच वाढलेलं दिसलं, म्हणून हे उघडकीला आलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायला सांगण्याचा अधिकार सुया लावणाऱ्याला नाही. असं कोणी सांगितलं तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा.

उरलेले पैसे मागायला गेलो तेव्हा पावती नीट वाचली. तिच्यावर ‘उपचार’ असं कुठेच नव्हतं. ‘वेलनेस सदस्यत्व, परतावा नाही’ एवढंच छापलं होतं. सुया कोण लावतं त्याचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. पैसे देण्याआधी या दोन गोष्टी पावतीवर आहेत का ते बघा आणि शक्यतो एकेका सिटिंगचेच पैसे द्या. आधीच अडकला असाल तर तोंडी बोलत बसू नका. न झालेल्या सिटिंगचे पैसे लेखी मागा, मेसेज पुसू नका, यंत्राच्या छापील अहवालाची प्रत जपा, आणि सुयांचे, डागांचे फोटो असतील तर तेही जपा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवता येते. ग्राहक तक्रारीसाठी आणि जिथे ॲक्युपंक्चर करणाऱ्यांची नोंदणी होते तिथे त्या परिषदेकडे हे सगळं कामाला येतं.

आम्ही दोन्ही ठिकाणी तक्रार दिली आहे. सेंटरने अजून लेखी उत्तर दिलेलं नाही. आईच्या गोळ्या पूर्ववत सुरू आहेत आणि ती फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व्यायाम करते. गुडघे दुखतात, पण जिना चढता येतो.