डॉक्टर हू, सीझन ८ ब्लू-रे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

'डॉक्टर हू' ही बीबीसीची जुनी विज्ञानकथा मालिका. तिच्या 'डॉक्टर हू : द कलेक्शन' या ब्लू-रे संचमालेतला सीझन ८ चा संच २०२१ मध्ये आला. आठ डिस्क, पाच कथा, पंचवीस भाग. घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. डिस्क १०८० ओळींची असली तरी आतलं चित्र खरं एचडी नाही. १९७०-७१ मध्ये हे भाग बीबीसीच्या स्टुडिओत ६२५ ओळींच्या व्हिडिओ टेपवर चित्रित झाले, त्यातल्या दिसणाऱ्या ओळी ५७६. डिस्कवर त्याच ओळी वाढवून बसवल्या आहेत. त्यातही बहुतेक रंगीत टेपा बीबीसीने पुढे पुसून पुन्हा वापरल्या. पंचवीसपैकी मूळ टेप उरली ती फक्त तीन भागांची. बाकीचं सगळं मिळेल तिथून गोळा करून, जुळवून उभं केलेलं आहे. त्यामुळे या संचाचं चित्र कसं आहे या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कथा बदलली की चित्र बदलतं, आणि काही कथांत तर भागागणिक.

हा फरक सगळ्यात स्पष्ट कळतो तो 'द क्लॉज ऑफ ॲक्सॉस'मध्ये. भाग १ आणि ४ मूळ टेपवरून घेतले आहेत. कडा स्वच्छ, रंग स्थिर, ॲक्सॉसच्या यानातला केशरी-लाल प्रकाश कुठेही न फुटता दिसतो. भाग २ आणि ३ मात्र परदेशी विक्रीसाठी ५२५ ओळींच्या एनटीएससी (उत्तर अमेरिकी प्रसारणाच्या) पद्धतीत बदललेल्या टेपांवरून आले आहेत. त्या काळच्या यंत्राने सेकंदाला ५० अर्धचित्रांची ६० करताना शेजारची अर्धचित्रं एकमेकांत मिसळली, म्हणून अशा टेपेत हालचाल अडखळते आणि कडा दुहेरी दिसतात. ती मिसळण उलट गणिताने सोडवून चित्र परत ५० वर आणलं आहे. हालचाल बहुतांशी सुधारली आहे, पण गेलेल्या ओळी परत येत नाहीत. भाग १ संपून २ सुरू झाला की चेहऱ्यावरचा तपशील एक पायरी खाली उतरतो. 'कॉलनी इन स्पेस'चे सहाही भाग याच जातीचे. त्यात भर म्हणजे कॉर्नवॉलमधल्या चिनीमातीच्या खाणीतलं करडं, पांढुरकं बाह्यचित्रण. संचातली सर्वांत मऊ, फिकी दिसणारी कथा हीच, आणि ती कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही.

'द माइंड ऑफ ईव्हिल'साठी मात्र मनापासून दाद द्यावी लागते. ही कथा कित्येक वर्षं फक्त कृष्णधवल उपलब्ध होती, कारण मॉनिटरसमोर १६ मिमी फिल्मचा कॅमेरा लावून परदेशासाठी काढलेल्या प्रतीच तेवढ्या उरल्या होत्या. प्रत काढताना रंगाचा संकेत गाळून टाकायचा राहिला, म्हणून तो बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखा फिल्मवर उमटला होता. फिल्म स्कॅन करून, प्रत्येक ओळ मूळ जागी बसवून, त्या ठिपक्यांतून भाग २ ते ६ चे रंग परत मिळवले गेले. भाग १ मध्ये हे ठिपके नव्हते, म्हणून तो निवडक फ्रेम हाताने रंगवून तयार केला. हे काम २०१३ च्या डीव्हीडीच्या वेळचं. ब्लू-रेवर फायदा झाला तो दाण्याचा, म्हणजे फिल्मच्या रवाळ पोताचा. फिल्मचा जाड दाणा डीव्हीडीच्या तोकड्या जागेत चौकटी-चौकटींत फुटायचा, इथे तो दाणा म्हणूनच राहतो. डोव्हर कॅसलवर घेतलेली तुरुंगाची दृश्यं पाहा, लगेच लक्षात येईल. चेहऱ्यांच्या कडेला कधीकधी रंग थरथरतो. तो डिस्कचा किंवा टीव्हीचा दोष नाही, बदलून मागू नये.

'टेरर ऑफ द ऑटन्स' आणि 'द डीमन्स' यांत आणखी वेगळी युक्ती आहे. कृष्णधवल फिल्ममधून तपशील घेतला आहे आणि अमेरिकी प्रसारणाच्या व्हिडिओ ध्वनिचित्रमुद्रणातून रंग. रंग थोडा पसरट वाटतो, लाल जास्तच. 'डीमन्स'चा भाग ४ तेवढा मूळ टेपवरचा.

आता सेटिंग. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. डिस्क १०८०आय, ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रं. प्लेअरवर जबरदस्तीने २४ फ्रेम काढणारी सोय चालू असेल तर हालचाल झटके देत चालते, ती आधी बंद करावी. मग प्लेअरमधून १०८०आय जसंच्या तसं पाठवून टीव्हीला काम करू द्यावं, नाहीतर प्लेअरलाच १०८०पी ५० वर ठेवावं. दोन्ही करून पाहून ज्यात तिरक्या कडा कमी दातेरी दिसतात ते कायम करावं.

टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग पूर्ण बंद हवं. स्टुडिओतली दृश्यं ५० च्या चालीची आणि बाहेरची १६ मिमी फिल्मवरची २५ ची, हा फरक मूळ कार्यक्रमाचाच आहे. ॲक्सॉसच्या पहिल्या भागात डंजनेसच्या किनाऱ्यावरून दृश्य आत स्टुडिओत जातं तेव्हा चाल बदललेली दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर ते सेटिंग कुठेतरी अजून चालू आहे असं समजावं. शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीने ठरवलेल्या तटस्थ खुणेवर, नॉइज रिडक्शन बंद, आणि ४के टीव्हीतला तपशील वाढवणारा पर्यायही बंद. ओळी एकदा वाढवून झाल्या आहेत. त्यावर आणखी धार लावली की एनटीएससीवरून आलेल्या भागांत प्रत्येक खांद्याभोवती पांढरी रेघ उठते. चित्र ४:३ च ठेवावं, बाजूला काळे पट्टे राहू द्यावेत, आणि ओव्हरस्कॅन बंद करावा, नाहीतर वरखालचा भाग कापला जातो.

रंग आणि उजेड लावायला 'डीमन्स'चा चौथा भाग घ्यावा, कारण तो मूळ टेपचा आहे. रॉजर डेलगाडोने केलेला खलनायक, मास्टर, पाचही कथांत आहे. त्याच्या काळ्या कपड्यांच्या घड्या जेमतेम दिसतील इतका ब्राइटनेस ठेवला की काळा रंग जागेवर येतो. एकदा लावलं की पुन्हा हात लावू नये. प्रत्येक कथेसाठी रंग बदलत बसलं तर 'ऑटन्स'मधले चेहरे सुधारतील, पण पुढची कथा हिरवट होईल.

मूळ आवाज मोनो आहे. होम थिएटरवर कृत्रिम सराउंड लावला तर संवाद पोकळ होतात, साध्या स्टीरिओवर ऐकावं. सबटायटल इंग्रजीच आहेत, पण 'डीमन्स'मधल्या गावकऱ्यांच्या बोलीसाठी उपयोगी पडतात. निर्मितीची माहिती देणारा मजकूरही सबटायटल म्हणूनच येतो, त्यामुळे संवाद आणि माहिती एकाच वेळी दिसत नाहीत. पहिल्यांदा संवाद, दुसऱ्यांदा माहिती, असं पाहणं सोयीचं. 'ऑटन्स'ला नव्या दृश्य-करामतींचा पर्याय दिला आहे. एकदा पाहावा. पण नटांना एकरंगी पडद्यासमोर उभं करून मागचं स्वयंपाकघरसुद्धा चित्रातून आणण्याची त्या काळची हौस मूळ रूपातच जास्त समजते. जुनी कागदपत्रं पीडीएफ स्वरूपात आहेत, ती टीव्हीच्या प्लेअरवर उघडत नाहीत. संगणकाला ब्लू-रे ड्राइव्ह लागतो, नुसता डीव्हीडी ड्राइव्ह चालत नाही.

खरेदीपूर्वी डिस्कचा विभाग (रिजन कोड) तपासावा. ब्लू-रेच्या वाटणीत ब्रिटन बी, भारत सी आणि अमेरिका ए. भारतात घेतलेला साधा प्लेअर बी विभागाची बंदिस्त डिस्क नाकारतो, म्हणून सर्व विभाग चालवणारा प्लेअर आधी हाताशी असावा. ५० हर्ट्झची अडचण भारतातल्या टीव्हींना येत नाही, इथलं प्रसारणच त्या पद्धतीचं होतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना मात्र दोन्ही अडथळे आहेत. त्यांनी तिथे 'जॉन पर्टवी : कम्प्लीट सीझन टू' या नावाने निघालेली आवृत्ती घ्यावी. पर्टवी हा या सीझनमधला डॉक्टर, आणि हा त्याचा दुसरा सीझन. गोष्टी त्याच.

वेष्टन पुठ्ठ्याचं आणि घडीचं आहे. दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात कोकणपट्टीत किंवा मुंबईत ते ओल धरतं आणि कडा वळतात. भिंतीला चिकटलेल्या फडताळात ठेवू नये, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावं आणि पुड्या पाऊस संपेपर्यंत बदलत राहाव्यात. डिस्क काढताना कडेला धरून ओढली तर ती वाकते. मधली गुंडी अंगठ्याने दाबून धरावी, मग उचलावी.