थेट ‘म’ लिहावा की त्याचा क्रमांक?

जुने दिवाळी अंक वेबवर चढवणारी मैत्रीण अडली आहे: मजकूर थेट यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याची एक पद्धत) टाकावा, की प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक (युनिकोड यादीत त्या अक्षराला दिलेला आकडा) द्यावा? वेबपानं लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेच्या १९९७ मधल्या ४.० आवृत्तीपासून दोन्ही वाटा अधिकृत आहेत.

आधी आकार. ‘मराठी’ थेट लिहिल्यास १५ बाइट. क्रमांकांनी ३५, कारण ‘म’साठीच अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम असे सात बाइट जातात.

खरा फरक मुद्रितशोधनात पडतो. थेट मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाची चूक लगेच दिसते. आकड्यांच्या रांगेत ती कोण शोधणार? शिवाय एक्सएमएल या एचटीएमएलसारख्याच खूणभाषेत टॅगचं, म्हणजे मजकुराभोवतीच्या खुणेचं, नाव देवनागरीत ठेवता येतं, पण ते थेटच लिहावं लागतं. तिथे क्रमांक चालत नाही.

टिकाऊपणात मात्र क्रमांक पुढे. निव्वळ आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं) असल्यामुळे, एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) न ओळखणाऱ्या जुन्या प्रणालीतूनही तो शाबूत बाहेर पडतो. थेट मजकुराचं एन्कोडिंग चुकीचं घोषित झालं, तर पानभर अगम्य चिन्हं उमटतात. म्हणून एन्कोडिंग घोषित करणारी ‘मेटा चारसेट’ची ओळ पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवीच.

अंकांसाठी थेट यूटीएफ-८ घ्यावं, असं मी तिला ठामपणे सांगितलं. क्रमांक राखून ठेवावेत शून्य-रुंदी जोडकासारख्या (८२०५) न दिसणाऱ्या चिन्हांसाठी, किंवा मजकूर आस्कीपुरत्या मर्यादित यंत्रणेतून पाठवायचा असेल तेव्हा.